ताईची हक्कसोड

माझी वकिली बेताचीच, पण कोर्टाचे निकाल सोप्या मराठीत सांगणारं माझं सदर पेपरात दर रविवारी येई. निकालातलं एक वाक्य घ्यायचं आणि खाली लिहायचं, "म्हणजे काय, तर..." एवढीच माझी पद्धत. वाचक म्हणजे भाडेकरू, पेन्शनर, सोसायटीच्या सभेत भांडून आलेले. वाण्याकडेही कुणीतरी गाठून शंका विचारायचंच.

हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या आणि आमच्या पेठांत बिल्डर. वडील गेल्यावर नारायण पेठेतलं आमचं छोटं घर पाडून तिथे इमारत व्हायची होती. मला त्यात प्रशस्त फ्लॅट मिळणार होता. फक्त ताईची हक्कसोड हवी होती. बहिणीने माहेरच्या घरावरचा हक्क सोडायचा आणि भावाने साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, म्हणून साडी जरा भारी घेतली.

ताई खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. भावजी लवकरच निवृत्त होणार होते, म्हणजे क्वार्टर सुटणार. पुढे कुठे जाणार, हे ती कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

साडी उलगडून ती म्हणाली, "रंग छान आहे. आता तो कागद वाच. माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी वाचू लागलो. "मी राजीखुशीने सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे." आणि सवयीने जीभ पुढे घसरली, "म्हणजे काय, तर उद्या डोक्यावर छप्पर नसलं, तरी त्या घरात तुला जागा मागता येणार नाही."

भावजींनी हातातला पेपर खाली ठेवला. "अहो, फारच सोपं करून सांगता तुम्ही."

"वाच पुढे," ताई म्हणाली.

"माझे वारसही याबाबत तक्रार करणार नाहीत. म्हणजे काय, तर पोरांनाही काही नाही." मला थांबताच येईना. तिसऱ्या कलमाला तर मी चक्क बजावलं, "अशा कागदावर बहिणीने घाईने सही करू नये."

"मग नाही करत," ताई म्हणाली.

भावजींना ठसका लागला. "अरे, तू वकील कुणाचा?" असं विचारता विचारता ताई हसत सुटली, आणि मी दिवाणावर आडवा झालो. पोट दुखेपर्यंत हसलो तिघंही.

"मला राहायला जागा हवीय रे," डोळे पुसत ती म्हणाली. "लहान चालेल. पण माझी."

"मग आधी नाही का बोलायचं?"

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

हे वाक्य लागलं. तरीही परतताना स्कूटरवर मी बेसूर गात होतो, सिग्नलला लोक वळून बघत होते. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बिल्डर म्हणाला, "अहो, तुम्ही सही आणायला गेला होता ना?" पण कुरकुरत का होईना, त्याने एका मोठ्या फ्लॅटचे दोन लहान केले. आता ताई भिंतीपलीकडे राहते. रविवारी सकाळी भिंतीवर थाप पडते आणि पाठोपाठ आवाज येतो, "दुसरा परिच्छेद कळला नाही."