साहेबांचा फोन कसा ठेवायचा?

फौजेतून हवालदार म्हणून घरी येऊन मला बारा वर्षं झाली. गुडघे कधीच रिटायर झाले, कान मात्र अजून ड्युटीवर आहेत.

त्या सकाळी मेढा गावातल्या घरी दाढी करत होतो. फोन वाजला. स्क्रीनवर मुलाचं नाव. मुलगा सीमेवर असतो. खुशीनं उचलला, तर आवाज परका आणि कडक.

"हवालदार साब, मेजर बोल रहा हूँ. आपके बेटे को गोली लगी है."

मी टाचा जुळवून ताठ उभा राहिलो. अर्ध्या गालावर फेस, कमरेला टॉवेल. ऑपरेशनसाठी लगेच पैसे पाठवा, फोन कट करू नका, घरात कुणाला सांगू नका, असा हुकूम झाला. "जी साब." पोराच्याच नंबरवरून फोन आलाय, मग शंका कसली?

बायको स्वयंपाकघरातून आली. मी फोन छातीशी दाबून तिला सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "आवं, ठेवा तो फोन. आपुन त्याला लावू."

"साहेबांचा फोन कसा ठेवायचा?"

"साहेबाला घाला चुलीत! पोराचा आवाज ऐकलाय का तुमी?"

ऐकला नव्हता. विचारायची छातीच झाली नव्हती.

तिनं स्वतःच्या फोनवरून त्याला लावला. रिंग जात राहिली. इकडं माझ्या कानात साहेब सांगत होते, "खून बहुत बह गया है." रिंग जातच होती. तिचे ओठ पांढरे पडले. माझ्या गालावरचा फेस वाळला.

"हां आई, बोल. नाश्ता करतोय."

तिच्या हातातून फोन गळाला. आणि मी काय केलं? त्या भामट्याला विचारलं, "साब, फोन रख दूँ?" शेवटी त्यानंच शिवी घालून ठेवला.

माझा हुद्दा त्याला कुणी सांगितला? मीच! व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर पोराचा वर्दीतला फोटो टाकला होता, त्याखाली माझा हुद्दा आणि दोघांचे नंबर. अभिमान, दुसरं काय!

संध्याकाळी पोरानं समजावलं. आपला फोन आलेला नंबर बघून नाव दाखवतो, आणि दुसऱ्याच्या नंबरचं सोंग त्या लोकांना आणता येतं. पण आपण स्वतः लावला की फोन खऱ्या माणसाकडंच जातो. "तवा बाबा, माझं नाव दिसलं तरी ठेवा, आनी परत लावा."

आता तसंच करतो. पोरगा वैतागतो, बायको हसते. पण तो उचलेपर्यंत ज्या चार-पाच रिंगा जातात, तेवढा वेळ मी उभाच असतो. बसवतच नाही.