डुकरांच्या भोंग्याची पेटी

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळणं, हा माझा धंदा. वाद्यांशी संबंध आला तो वडिलांमुळे. दादा गावच्या भजनात जन्मभर पेटी वाजवत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, उजवा हात शाबूतच होता, पण डावा हात भाता ओढीना आणि आवाज तर पार घशातच अडकला. भाता दुसऱ्या कुणी मारावा हे त्यांना पटेना. त्यांनी देवळाची पायरीच सोडली. मला ते बघवत नव्हतं.

मग भात्याशिवाय वाजणारी पेटी करायचं मी मनावर घेतलं. कुंभार पिंपळगावच्या भंगारवाल्याकडून खेळण्यातला कीबोर्ड आणला. त्याचा सूर ना पांढऱ्या पट्टीत बसे, ना काळ्या. आतला एक रेझिस्टर काढून तिथे जुन्या रेडिओचं बटण बसवलं. ते पिळलं की सगळे सूर एकदम वर-खाली व्हायचे. बॅटरी फवारणी पंपाची, डबा मोटारीच्या स्टार्टरचा. आवाजाला शेतातला रानडुकरं हाकलायचा भोंगा लावला. त्यात माणसाने एकदा ओरडून ठेवलं की ते आतल्या कार्डावर राहतं आणि भोंगा तेच ओरडत राहतो. दादा आजारी पडल्यापासून आम्ही मका लावला नव्हता, भोंगा धूळ खात पडला होता.

आईने डबा चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावर कोन्ती मोटर चालू व्हती?"

दादांनी मात्र कान लावला. अर्धा तास बटण पिळून काळी चार, त्यांची नेहमीची पट्टी, धरली आणि मान डोलावली. एकादशीला संध्याकाळी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून देवळात आले. आज फजिती झाली तर ते पुन्हा येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिला अभंग झकास झाला. दुसऱ्याला दादांचा गुडघा बॅटरीच्या वायरला लागला. पेटी क्षणभर बंद पडून पुन्हा चालू झाली. आता आमच्याकडे लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शेतातली प्रत्येक वस्तू आम्ही ऑटोवर टाकतो. करंट आला की आपोआप सुरू. देवळात पेटी चालू झाल्यावर सवयीने भोंगाही मी ऑटोवरच टाकला होता, आणि आतलं कार्ड काढायचं विसरलो होतो.

नेमके तेव्हाच आमचे विणेकरी, नेहमीप्रमाणे उशिरा, उंबरा ओलांडत होते.

भोंगा गरजला, "आला का रे मुडद्या! माझ्या मक्यात तोंड घातलं तर तंगडं मोडीन!"

विणेकऱ्यांचा पाय अधांतरीच राहिला. टाळ थांबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वायर उपटायला झेपावलो, तर दादांनी माझं मनगट धरलं.

आवाज त्यांचाच होता. आजारपणाआधीचा, खणखणीत. आम्ही तो दोन वर्षांत ऐकला नव्हता. भोंग्याने तीनदा शिव्या दिल्या, दादांनी तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकल्या. मग त्यांनी मनगट सोडलं आणि मी भोंगा परत पेटीवर घेतला. जड जिभेने एकेक अक्षर ढकलत ते बोलले, "काळी चार. बराबर लागली." आणि तोच सूर दाबून अभंग पुढे चालू केला.

विणेकरी आता वेळेवर येतात. कार्ड काढू नको, असं दादांनी मला खुणेनं सांगितलं. आणि दुपारी घरात कुणी नाही असं वाटलं, की आई बॅटरीची वायर काढते आणि परत लावते.