काढा आटेपर्यंत

काढेवाल्यांच्या दुकानात औषध विकत मिळत नसे, ते आधी ढवळावं लागे. दुखणं घेऊन आलेल्याला ते शेगडीजवळच्या बिनपाठीच्या स्टुलावर बसवत, त्याच्याच हातात लाकडी पळी देत आणि पातेलं समोर ठेवत. त्यात साली, मुळं, वाळलेली पानं आणि गळ्यापर्यंत पाणी. पाणी आटून चौथाई उरेपर्यंत माणसाने ढवळायचं आणि बोलायचं. गुडघा दुखत असला तरी गुडघ्याबद्दल नाही. घरात कसं चाललंय, कोणाशी अबोला आहे, झोपताना कोण आठवतं, हे बोलायचं. काढेवाले मधूनमधून एक खाचांची काठी पातेल्यात बुडवून पाणी किती उरलं ते बघत आणि "हं, पुढे?" म्हणत.

माणसं सुरुवातीला लाजत. पण वाफ तोंडावर यायला लागली की भलेभले पाझरत. एक जाडजूड खाटीक तर बायकोच्या आठवणीने असा रडला की पातेल्यात मीठ वेगळं घालायला नको होतं. चौथाई उरलेला काढा गाळून बाटलीत भरताना काढेवाले म्हणत, "शरीर बिचारं निरोप्या आहे. निरोप पाठवणारा आत बसलाय. त्याला गाठल्याशिवाय तोल सावरत नाही." हे वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. लोक ते घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत आणि पुढच्या आठवड्यात शेजारी दारात हजर.

दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको साली कापायची, मुळं धुऊन फडक्यावर पसरायची. सगळं काम तिच्या हातचं आणि नाव यांचं, पण तिला त्याचं काही वाटत नसे. ती थट्टेखोर होती. पडद्याआडून रडारड ऐकू आली की पुढे येऊन हळूच म्हणायची, "आज किती जणांना रडवलंत?" काढेवाले डोळे वटारत आणि मग स्वतःच हसत.

अशा बाईला अन्न जाईना झालं. आधी दोन घास कमी, मग अर्धं ताट तसंच. पोट जड वाटतं, एवढंच म्हणाली. काढेवाल्यांनी त्याच संध्याकाळी तिला स्टुलावर बसवलं आणि पळी तिच्या हातात दिली.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? पोट जड आहे."

"ते झालं गं. मनात काय आहे?"

"मनात काही नाही."

काढेवाले समजुतीने मान हलवत राहिले. पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात, हा त्यांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. जेवताना विचारलं, ती केस विंचरत असताना विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला कधी विचारलंच नाही, लोकांचीच गाऱ्हाणी ऐकत बसलो, या विचाराने त्यांचा जीव तुटायला लागला होता. प्रेम कमी पडलं असं कोणी म्हणू नये. प्रेमाचा तर नुसता पूर आला होता.

शेवटी एका दुपारी पळी फिरवता फिरवता ती म्हणाली, "लेक लांब गेली ना."

काढेवाल्यांना हायसं वाटलं. त्यांनी लागलीच फोन करून लेकीला बोलावून घेतलं. लेक आली, घर भरलं, आई दोन घास जास्त जेवली. बघा, सापडलं, असं काढेवाल्यांच्या चेहऱ्यावर अगदी लिहिलेलं होतं. लेकीने जाताना बजावलं, "बाबा, आई वाळलीय. दवाखान्यात दाखवा." ते म्हणाले, "तुझ्या आठवणीने वाळली होती, आता भरेल."

ती भरली नाही. मग पुन्हा स्टूल, पुन्हा पळी. या खेपेला निघालं सासूबाईंचं एक जुनं बोलणं, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, हिच्या माहेरच्यांची अक्कल काढलेलं. काढेवाल्यांनी आपल्या मेलेल्या आईच्या वतीने बायकोचे हात धरून माफी मागितली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली, निदान ती शांत पडून होती. मग भावाशी तुटलेलं बोलणं निघालं, ते यांनी स्वतः जाऊन जोडून दिलं. मग बिछाना खिडकीपाशी हलवला, कारण अंधाराने जीव घुसमटतो असं ती म्हणाली होती. दर वेळी चार दिवस बरे जात. दर वेळी काढेवाले म्हणत, "आता मुळाशी आलो." आणि मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या, त्या मात्र हा माणूस, ज्याला वाळलेल्या पानाची शीर बघून झाड कळत होतं, रोज बघूनही बघत नव्हता. राग येतो, पण काय करणार, त्याची नजर आतच लागलेली होती.

पुढच्या खेपेला लेक घरी आली तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही. आईला उठवलं, गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. काढेवाले मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि घाईत होती. तिने वर न बघताच विचारलं, "कुठे दुखतं?"

काढेवाल्यांच्या बायकोने एक बोट उचललं आणि बरगडीच्या खाली नेमक्या एका जागी टेकवलं. शोधलं नाही, चाचपलं नाही. स्वतःच्या घराचं दार दाखवावं तसं दाखवलं. ती जागा काढेवाल्यांना ठाऊकच नव्हती.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईने लेकीला आणि काढेवाल्यांना वेगळं बसवलं, आजाराचं नाव सांगितलं आणि तो कुठे कुठे पसरलाय ते सांगितलं. काढेवाल्यांनी एकच विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

तिने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आणल्यावर बायको खिडकीपाशीच पडून असे. लेक सगळं करायची आणि बापाशी कामापुरतं बोलायची. काढेवाले उशाशी बसत. एका सकाळी, लेक कपडे वाळत घालायला गेली असताना, त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अजून काही राहिलंय का गं मनात?"

ती हसली. हसायचाही त्रास होत होता.

"काही नव्हतंच हो मनात."

"म्हणजे?"

"लेक लांब आहे, पण सुखात आहे. त्याचं मी दुःख कशाला करू? आणि सासूबाई तसं कधी बोलल्याच नाहीत. त्यांचं नाव उगीच खराब केलं मी."

"मग का सांगितलंस?"

"तुम्ही इतका जीव लावून विचारत होतात. रोज रिकाम्या हाताने परत कसं पाठवायचं?" ती दम खायला थांबली. "काहीतरी सांगितलं की तुमचा चेहरा खुलायचा. मग मीही दोन घास ढकलायची."

काढेवाल्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं.

"मी सुखात होते हो," ती म्हणाली. "तेवढंच तुम्हाला पटेना."

ते उठून दुकानात आले. शेगडी बंद होती. फळीवर साली होत्या, तिने कापलेल्या, सगळ्या एकसारख्या. त्या स्टुलावर बसून गेलेली माणसं एकेक करून त्यांना आठवायला लागली. कोण खरं रडलं होतं आणि कोणी यांचं मन राखलं होतं? खाटीक तरी खरा होता का? आयुष्यभराची कमाई म्हणून जे जपलं होतं त्यातल्या कशावर खरं म्हणून हात ठेवावा, हेच त्यांना कळेना. आणि या विचाराचीही त्यांना लाज वाटली, कारण आत ती मरत होती आणि हे स्वतःचा हिशोब करत होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिंपी आला. त्याला आतलं ठाऊक होतं, तरी आला. आला तो थेट स्टुलावर बसला.

"काका, पोटात आग पडते. ऐकून तरी घ्या. थोरल्या भावाने माझ्याशी जे केलं..."

"दवाखान्यात जा," काढेवाले म्हणाले.

"जाईन हो. पण आधी तुम्ही विचारा ना नेहमीसारखं. बोललं की उतार पडतो."

"नाही पडत," काढेवाले म्हणाले. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं, रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं आणि दार ओढून घेतलं. शिंपी बराच वेळ बाहेर घुटमळत होता.

मग ते आत गेले. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. ते बिछान्याच्या कडेला बसले आणि बरगडीखालच्या त्या जागेवर, अगदी हलक्या हाताने, तळवा ठेवला.

"कुठे दुखतं गं?" त्यांनी विचारलं.

तिने डोळे उघडले. इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता, आणि तिनेही त्यांचं मन न राखता जे खरं होतं तेच सांगितलं.

"आता सगळीकडेच, हो."