नावाचा रकाना कोरा

रुग्णालयात त्यांना सगळे ‘चावीवाल्या बाई’ म्हणत. खरं तर त्यांच्या हाती एकही चावी नव्हती, होते ते पासवर्ड. बाई टायपिस्ट म्हणून लागलेल्या. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी हात झटकले आणि बाई चुकतमाकत, पुस्तकं वाचत सर्व्हर सांभाळायला शिकल्या. एक्स-रेपासून डिस्चार्जच्या कागदापर्यंत सगळं त्या एका यंत्रावर. स्वभाव मुळातच संशयी. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. नवरा म्हणायचा, “आता शेजाऱ्यांचंही ओढून ये.”

त्यांची धाकटी नणंद तिथेच एक्स-रे तंत्रज्ञ होती. बाईंनीच शब्द टाकून तिला लावलेलं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच बसनं यायच्या.

एका मंगळवारी एक्स-रेचं फोल्डर चाळताना बाई थबकल्या. एक फाइल चित्र नव्हतीच. नाव इतरांसारखंच, आकड्यांचं. पण आत चार ओळींचा प्रोग्राम. बाहेरून कुणी हुकूम सोडला तर सर्व्हरनं तो निमूट पाळावा, अशी त्यात सोय. कोणी, केव्हा, काय ठेवलं याची नोंद सर्व्हर करायचा. बाईंनी ती उघडली. वेळ अकरा दहा. फाइल जिथून आली तो पत्ता रुग्णालयाचाच. नावाचा रकाना कोरा.

“नाव पुसलंय,” बाई स्वतःशी म्हणाल्या. म्हणजे आतलं कुणीतरी.

त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलले, नव्या पासवर्डच्या चिठ्ठ्या स्वतः ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. गुरुवारी पुन्हा तशीच फाइल. पुन्हा अकराच्या सुमारास, पुन्हा नाव नाही. त्या वेळी एक्स-रेच्या टेबलावर दोन्ही दिवस एकटी धाकटी होती.

मनात पाल चुकचुकली. मग बाईंना जे ते वेगळंच दिसू लागलं. धाकटी हल्ली फोन घेऊन गॅलरीत का जाते? परवा पासवर्डची चिठ्ठी घेताना हसली का? बसमध्ये तिनं नुसतं “वहिनी, आज गप्प का?” विचारलं, तरी बाईंना वाटलं, ही आपला अंदाज घेतेय.

“पुरावा आहे का?” नवऱ्यानं विचारलं.

“दोन्ही वेळा तीच होती.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं की सावध होईल.”

बाईंनी तिला विचारलं नाही. अधीक्षकांच्या कानावर घातलं. सोमवारी धाकटीची बदली झाली, थेट तळमजल्यावर, चादरी-पडद्यांच्या कोठीत. घरी ती जेवायला बसेना. ताट घेऊन खोलीत जायची.

बुधवारी तिसरी फाइल आली.

आणि ती एक्स-रेच्या फोल्डरमध्ये नव्हती; दोन पायऱ्या वर, खुद्द सर्व्हरच्या प्रोग्रामशेजारी येऊन बसली होती. तिथे लिहायची परवानगी बाईंनाही नव्हती. धाकटी तर कोठीत चादरी मोजत होती. बाईंनी नोंद उघडली. नावाचा रकाना याही वेळी कोराच होता. पुसलेलं नाव आणि कधी विचारलंच न गेलेलं नाव, दोन्ही कागदावर सारखीच दिसतात, हे त्यांना तेव्हा सुचलं.

त्या आवाराबाहेर गेल्या. स्वतःच्या मोबाइलवरून, पासवर्ड न देता, सर्व्हरच्या एक्स-रे स्वीकारणाऱ्या पत्त्यावर ‘चाचणी’ नावाची फाइल पाठवली. पडद्यावर उत्तर आलं, ‘स्वीकारली.’ मग फाइलच्या नावाआधी दोन पायऱ्या वर जाण्याची खूण जोडली. तीही स्वीकारली. नाव नाही, गाव नाही, कुणीही यावं आणि हवं तिथे लिहून जावं! बाहेरून येणारं सगळं रुग्णालयाच्याच एका मधल्या यंत्रातून आत यायचं, म्हणून नोंदीत पत्ता रुग्णालयाचाच दिसायचा.

बाईंनी सर्व्हरची बाहेरची जोडणी तोडली आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“असं होऊच शकत नाही, मॅडम,” तिथला इंजिनियर म्हणाला. “लॉगिनशिवाय आत येता येत नाही.”

“पानं उघडता येत नाहीत. फाइल ठेवता येते. तुमच्याकडे नमुन्याचा सर्व्हर असेल ना? त्याचा पत्ता द्या, तुमच्या परवानगीनं एक फाइल ठेवून दाखवते.”

त्यानं पत्ता दिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, “आली... खरंच आली.”

“हे सॉफ्टवेअर किती ठिकाणी आहे?” बाईंनी विचारलं.

“मी... मी साहेबांना बोलावतो.”

दुरुस्ती यायला नऊ दिवस लागले. तोवर फिल्मची पाकिटं हातानं वॉर्डात जात होती. बाईंनी सर्व्हर पुसून नव्यानं उभा केला, दीड महिन्याचे रिपोर्ट डॉक्टरांच्या हातानं लिहिलेल्या नोंदींशी ताडून पाहिले. एकही बदललेला नव्हता. फाइली ठेवणारा कोण, ते मात्र कधीच कळलं नाही.

त्याआधी, तिसरी फाइल आली त्याच बुधवारी, अधीक्षकांना स्वतःची चूक लेखी देऊन त्या कोठीत गेल्या होत्या. धाकटी चादरींच्या घड्या घालत होती.

“चूक माझी झाली,” बाई म्हणाल्या. “दोष सॉफ्टवेअरचा होता. तुझा काही संबंध नव्हता.”

धाकटीनं हातातली घडी पूर्ण केली. “माझा संबंध नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वहिनी. तुम्ही सगळ्या यंत्रांना विचारलंत. मला एकदा विचारलं असतंत तर?”

बाईंनी तिनं उचललेल्या पुढच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. धाकटीनं ते काढून घेतलं नाही, पण वर बघितलंही नाही.

आठवड्यानं ती एक्स-रेला परतली, घरी पंगतीतही बसू लागली. फक्त ड्यूटी संपली की एक वही घेऊन सर्व्हरच्या खोलीत येते. दिवसभर पाठवलेल्या प्रत्येक एक्स-रेचा क्रमांक तिनं त्यात लिहिलेला असतो.

“सही करा, वहिनी,” ती म्हणते. आवाजात राग नसतो, लाडही नसतो.

बाई सही करतात. मात्र त्याआधी यादी पडद्याशी ताडून बघतात. धाकटी उभी राहून वाट बघते, आणि मग दोघी बस पकडायला निघतात.