डावीकडे ओढणारी गाडी

कल्पना करा, तुम्ही एका मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकासमोर उकिडवे बसला आहात. गाडी जॅकवर आहे, गिअर न्यूट्रलला आहे, ब्रेकवर कुणाचाही पाय नाही. चाक हाताने फिरवलं तर फिरायला हवं. ते जोर लावल्याशिवाय हलत नाही. तुम्ही चाक काढता. आत लोखंडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. ब्रेक दाबला की चकती धरायची, सोडला की सोडायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यातली एक पिन भोकात अशी बसली आहे की जणू तिथेच ओतली. पाना लावा, तेल सोडा, जोर करा, पिन ढिम्म. आता अशीही कल्पना करा, की या धरलेल्या चाकामुळे गाडी महिनोन्‌महिने डावीकडे ओढत होती, आणि तुम्हाला सांगितलं जात होतं की खोट तुमच्या हातात आहे.

काष्टीच्या विजयमालाला हेच सांगितलं जात होतं.

विजयमालाची भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी. रोपं शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायला तिनं छोटा टेम्पो घेतला. नवरा, गोरक्षनाथ, सुप्याच्या कंपनीत पाळीवर. त्यामुळे टेम्पोला ड्रायव्हर लागे. ड्रायव्हर सकाळी फोनवर ‘आलोच’ म्हणत आणि दुपारी उगवत. तोवर ट्रेमधल्या रोपांनी माना टाकलेल्या असत आणि शेतकरी गाडी बांधावरूनच परत पाठवत. असं दोनदा झाल्यावर एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. दुसरं तुटलं असतं तर रोपवाटिकेला काही अर्थ राहिला नसता. म्हणून तिनं ठरवलं, लायसन काढायचं आणि टेम्पो आपणच चालवायचा.

गावात मोटार शिकवणारे एकच, सहादेव सर. सर म्हणजे नावापुरते. त्यांच्या शिकवण्यात तीन वाक्यं होती. गाडी कडेला गेली की, “वहिनी, डावा हात जड हाय तुमचा.” जळका वास आला की, “वहिनी, क्लच जाळला.” इंजिन बंद पडलं की खिडकीबाहेर बघत, “बायकांचं असंच असतं.” हेच इंजिन एखाद्या पोराच्या हातात बंद पडलं, की सर पेट्रोलच्या भेसळीवर बोलत. डाव्या सीटसमोर त्यांच्यासाठी ब्रेकचा वेगळा पेडल होता. त्यावर पाय ठेवून ते मोबाईल बघत. त्यांचा शिकवण्याचा अनुभव मोठा आहे असं सगळे म्हणत. तो त्या सीटवर बसण्याचा अनुभव होता.

विजयमाला दोनदा परीक्षेला गेली आणि दोन्ही वेळेला गाडी डावीकडच्या पट्ट्यावर गेली. शिकाऊ लायसनची मुदत संपत आली. सरांनी प्रेमाने सल्ला दिला, “भाऊंनाच चालवू द्या. परत्येकाला सगळं जमत न्हाई.”

गोरक्षनाथला सुट्टी होती त्या दिवशी त्यानं तिला टेम्पोवर बसवलं. कांदा काढून मोकळं झालेलं रान होतं. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत टेम्पो नेला, वळवला, परत आणला.

“अगं, सरळ तर चालवतीस की,” तो म्हणाला.

“टेम्पो सोपा असंल.”

दुसऱ्या दिवशी तिनं हे सरांना सांगितलं. सर हसले. “टेम्पो येडा असतो, वहिनी. कोनीबी बसा, सरळच जातो.”

हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं. कुणीही बसलं तरी सरळ जाते ती गाडी येडी, आणि सरळ जात नाही ती शहाणी. असं शास्त्र गावभर कुणी खपवलं असेल, तर ते सहादेव सरांचंच.

कालव्याच्या रस्त्यावर तिनं शिकवणीची गाडी थांबवली. “सर, आज तुमी बसा हितं.”

“कशाला?”

“बघते मी, कसं चालवायचं ते.”

सरांना हे आवडलं. ते स्टिअरिंगवर बसले, जरा वेग घेतला.

“आता हात सोडा.”

त्यांनी सोडले. गाडी डावीकडच्या ज्वारीच्या रानाकडे निघाली. सरांनी पटकन स्टिअरिंग धरलं. “रस्त्याला ढाळ हाय. पानी जायाला ठेवत्यात.”

“मग उजव्या अंगानं घ्या. तिकडं ढाळ उजवीकडं आसंल.”

रस्ता मोकळा होता. सरांनी गाडी उजव्या बाजूला घेतली आणि हात सोडले. गाडी अख्खा रस्ता ओलांडून पुन्हा डावीकडेच आली.

“वारा हाय,” सर म्हणाले.

विजयमाला खाली उतरली. पिण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी तिनं उजव्या चाकाच्या आत ओतलं. ते गुपचूप खाली गळलं. मग डाव्या चाकात ओतलं. चर्र आवाज झाला आणि वाफ वर आली.

“वारा लई गरम हाय, सर.”

तिथून गाडी हळूहळू कल्याण मेकॅनिकच्या गॅरेजवर आली. कल्याणनं चाक काढलं. आतल्या बाजूचा ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, बाहेरचा अजून जाड. चकती तापून निळी पडलेली. त्यानं पिनेच्या कडेनं गंज सोडवणारं तेल मारलं, थांबला, मग पकडीनं पिन किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवायला लागला. सर हातोडा घेऊन पुढे झाले.

“ठोकू नका, सर. मोडली तर भोक पाडून काढावी लागंल.”

बराच वेळ कुरकुर करून पिन बाहेर आली. तिला काळा चिकट लगदा लागलेला. वरची रबरी टोपी फुगून सैल झालेली.

“हे ग्रीस मी सोता भरलं हुतं,” सर अभिमानानं म्हणाले. “ट्रॅक्टरचं. एक नंबर.”

“तेच बाधलं,” कल्याण म्हणाला. “हे रबर त्या ग्रीसनं फुगतं. मग पिन धरती. ब्रेकचं ग्रीस येगळं येतं, तुमाला म्हाईत न्हाई?”

कल्याणनं पॅड दाबणारा पिस्टन शिकंज्यानं मागे दाबला. तो जेमतेम सरकला. “ह्यो बी बदलावा लागंल. आनि एवढी तापती म्हंजे कोनतरी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी हाकतंय.”

“बायका,” सर लगेच म्हणाले. “किती सांगितलं तरी.”

विजयमालानं दोन्ही दारं उघडली. उजव्या बाजूच्या ब्रेक पेडलच्या रबरावर रेघा शाबूत होत्या. डाव्या बाजूच्या, म्हणजे सरांच्या पेडलचं रबर साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालेलं. कल्याण वाकला, दोन्हीकडे बघितलं आणि हात पुसत म्हणाला, “सर, ह्या बाजूला कोन्ती बाई बसती?”

सरांना तेवढ्यात फोन आला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला.

नवा कॅलिपर, नव्या चकत्या, दोन्ही बाजूंचे नवे पॅड. त्यानंतर गाडी सरळ जायला लागली, इंजिन बंद पडेना, सर ज्याला क्लचचा म्हणत तो जळका वास थांबला. म्हणजे विजयमालाचे सगळे दोष कल्याणनं एका दुपारात दुरुस्त केले. मुदत संपायच्या आत ती त्याच गाडीत परीक्षेला बसली आणि पास झाली. सरांनी तिचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या मार्गदर्शनाचे यश’. ज्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली त्यांत तिला ‘नाद सोड’ म्हणणारे सगळे होते.

आता टेम्पो ती चालवते. रोपं उजाडताच बांधावर पोचतात. अशीच एका वस्तीवर मिरचीचे ट्रे उतरवताना तिला ज्योती भेटली. ज्योती अंगणवाडीत मदतनीस. तीही सरांकडे जात होती, पण मध्येच सोडून दिलं. भावानं तिच्यासाठी ठेवलेली जुनी गाडी मग विकली. आता ती या वस्तीवरून त्या वस्तीवर पायी जाते.

“मला न्हाई जमलं, बाई,” ज्योती म्हणाली. “गाडी डावीकडंच जायची. माज्यातच खोट.”

विजयमालानं तिला पिनेची सगळी हकिकत सांगितली. ज्योतीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “तुज्या वेळंला बिघडली आसंल. माज्या वेळंला गाडी चांगली हुती. सरच म्हनायचे.”

विजयमाला परतताना कल्याणकडे थांबली. पिन कधी धरली ते कळतं का, विचारलं. गंजावर तारीख नसते, तो म्हणाला. मग ती सरांकडे गेली. ते नव्या शिकाऊ पोरीची वाट बघत गाडीला टेकून उभे होते.

“मागचं उकरून काय मिळनार, वहिनी?” ते म्हणाले. “तुमी झाला न्हवं पास?”

“झाले. एवढंच सांगा, सर. ज्योती शिकत हुती तवा ती पिन सुटी हुती, का धरलेली?”