पूरवाली आजी

पूरवाली आजी नळावर पाणी प्यायला गेली तरी सांगून जायची. "पानी पिऊन येतो!" सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं. ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मी मुलांच्या वॉर्डाची सिस्टर होते. माझ्या इंजेक्शन-ड्रेसिंगच्या घाईत सुरुवातीला ही दवंडी मला नुसता गोंगाट वाटली.

आजी भामरागडकडची. नातवाचा न्यूमोनिया बरा झाला, पण पुरानं रस्ता बंद, म्हणून दोघं वॉर्डातच राहिली. नाव मुलांनीच ठेवलं.

रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. मुलांच्या आयांना बांधीत, धानाच्या शेतात जावंच लागे. मूल झोपलं की हळूच निघायचं, ही आमच्याकडची रीत. सिंदेवाहीकडची चार वर्षांची सुनी, पाय प्लास्टरमध्ये, अशीच एकदा जागी झाली तर आई नाही. तेव्हापासून ती झोपेना, घास घेईना, बोलेना. आई भेटायला आली तरी पदर मुठीत धरून जागीच. हाड जुळत होतं, पण पोर वाळत चालली होती.

आईला पुन्हा निघणं भाग होतं. दुपारी सुनीला कशीबशी डुलकी लागली. आई चपला हातात घेऊन दाराशी पोचली, तोच आजी आडवी आली.

"चपला घाल. चोरावानी कुठी चालली?"

"उठली त रडन ना, आजी!"

"रडू दे. सांगून जा. नाई त पोरगी झोपनच नाई."

तिनं सुनीला उठवलं आणि आईच्या पदराची किनार टर्रकन फाडली.

"नवं लुगडं हाये वो!" आई ओरडली.

"पोरगी जुनी हाये का?"

आईनं सुनीच्या मुठीत चिंधी दिली. "रोवणी झाली का येतो, बाई." सुनीनं वॉर्ड डोक्यावर घेतला. पण संध्याकाळी आजीच्या हातून भात खाल्ला आणि मूठ आवळून झोपली.

रोवणी आटोपून आई आली, तशी सुनी बडबडू लागली. त्याच आठवड्यात रस्ता खुला झाला. एसटीची वेळ झालेली, मुलं दुपारची झोपलेली. "आजी, निघा हळूच," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. एकेका खाटेपाशी जाऊन, उठवून सांगितलं. सगळा वॉर्ड रडला. सुनी मात्र उशीखाली काहीतरी शोधत होती. तिनं ती मळकी चिंधी आजीपुढे धरली.

"घे. मले माय हाये आता. तू गावी रडशील त लागन."

आजीनं ती मनगटाला बांधून घेतली.

पुढे वॉर्डात कुणी आई चपला हातात घेऊन निघाली, की मीच दारात उभी राहून विचारायची, "चोरावानी कुठी चालली?"