मनमिळाऊ

बारकूनाना आमच्या ओटीवर उभे राहिले, दोन्ही हात पोटाशी जोडले, घसा साफ केला आणि माझ्या आईची श्रद्धांजली म्हणायला सुरुवात केली. आई त्यांच्या समोरच, सुपात भिजवलेले वाल घेऊन सोलत बसली होती. चांगली धडधाकट.

"शेवंताबाई व्हत्या," नाना म्हणाले. "जिभेनं कडू व्हत्या, ते समद्यांना ठावं हाय. पन एकदा टोकावड्याच्या अलीकडं एक नवी नवरी रडत रडत गाडीतनं उतरली. तिचा थांबा नव्हता. शेवंताबाईंचाबी नव्हता. पन त्या पिशवी घेऊन तिच्या मागनं उतरल्या आन् तिच्या म्हायेरापातूर तिच्यासंगं चालत गेल्या. घरी काय सांगितलं, तर गाडी चुकली."

तो दिवस मला आठवत होता. आईची गाडी चुकली म्हणून वडील तिच्यावर किती ओरडले होते आणि ती कशी गुमान ऐकून घेत होती, तेही आठवत होतं. पण त्याहीपेक्षा मला धक्का बसला तो त्या 'व्हत्या'चा. जिवंत माणसासमोर उभं राहून कोणी असं बोलतं का?

"नाना, आई जिवंत आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"म्हनून तर आलो," नाना म्हणाले. "मेल्यावर येऊन काय करू?"

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता सूप फेकून मारणार. आईने सोललेला वाल ताटलीत टाकला आणि विचारलं, "तुला कसं ठावं रे?"

"डबल बेल मीच दिली ना, वयनी. मागच्या काचंतनं बघितलं तुमाला."

"मग थांबलास का? पुढं बोल."

बारकूनाना एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी त्यांनी मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांवर काढली. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही आपला थांबा आला म्हणून दचकून उठायचा. त्या आवाजामुळेच असेल, पंचक्रोशीत कोणाचाही दहावा असला की नदीवर माइक शेवटी नानांच्या हातात यायचा.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर भाषणं होतात. पुढारी येतात, घड्याळ बघत बोलतात, आणि गेलेला माणूस कोणीही असो, तो मनमिळाऊ असतो. भावाशी बांधावरून डोकी फोडून घेतलेला मनमिळाऊ, सुनेशी उभ्या जन्मात धड न बोललेली मनमिळाऊ. गावात फलक लागतो त्यावरही तेच. नाना मात्र हा शब्द कधी वापरत नसत. त्यांच्याजवळ प्रत्येकाची एकेक गोष्ट असे, गाडीत घडलेली. अमक्याने कोंबडी धोतरात लपवून नेली आणि ती ऐन नाक्यावर ओरडली. तमकीने चालत्या गाडीतून उलटी केली आणि नंतर महिनाभर नानांना भाकरी आणून दिली. रडणारी माणसं त्यांचं ऐकताना हसायची आणि हसता हसता जास्त रडायची.

असाच एक दहावा आटोपून आम्ही परत येत होतो. शाळेला सुट्टी होती म्हणून मी शहापूरहून घरी आले होते. नानांचं लोक कौतुक करत होते आणि यमुनाकाकू, त्यांची बायको, पदर सावरत मागून चालत होती. ती म्हणाली, "माज्या टायमाला काय बोलनार? आताच सांगा की. तवा मला ऐकू येनार नाय."

"काय वंगाळ बोलतीस गो," नाना म्हणाले आणि भराभर पुढे गेले. काकू माझ्याकडे बघून हसली.

त्याच वर्षी भातकापणी संपता संपता यमुनाकाकू गेली. आजार नाही, ताप नाही. दुपारची भांडी घासून परसात उन्हाला बसली, ती बसलीच. भांडी पालथी घातलेली होती आणि त्यांचं पाणी अजून निथळत होतं, असं शेजारणी सांगत होत्या. निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. मला ते खरंच वाटेना. आदल्याच रविवारी घरी आले तेव्हा मी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती.

दहाव्याला सगळे नानांच्या तोंडाकडे बघत होते. ज्याने गावोगावची माणसं एवढी सुंदर पोचवली, तो आपल्या बायकोबद्दल काय बोलेल? नानांनी माइक घेतला. हात पोटाशी नेले.

"यमुना," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "यमुना मनमिळाऊ व्हती."

आणि खाली बसले.

नदीवर एवढी माणसं होती, पण कोणी हललं नाही. तोंडात दुसरा शब्द सापडू नये एवढा हा माणूस रिकामा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यातून पिंडाला कावळा शिवेना. उंबरावर कावळे बसलेले होते, बघत होते, पण खाली येईनात. नानांचा मुलगा सुरेश कल्याणला नोकरीला, त्याने बापाला सांभाळीन म्हणून वचन दिलं, काकूच्या भावांनी काय काय कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. नाना शेवटपर्यंत त्या उंबराकडे बघत राहिले.

काही दिवसांनी ते आमच्याकडे आले. दाढी वाढलेली. आईच्या समोर पायरीवर बसले आणि म्हणाले, "वयनी, तिला काय आवडायचं?"

"तुझी बायको, आन् मला इचारतोस?" आई म्हणाली.

"मी ड्युटीवर असायचो. घरी आलो की भूक लागलेली असायची. समद्या गाडीतली मानसं मला पाठ हायत. ही एक कधी माज्या गाडीत बसली नाय."

आई सहसा विरघळत नाही. त्या दिवशी तिने वालांचं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "तिला तुझ्या गाडीचा आवाज वळखू यायचा. दुसऱ्या कोनाची गाडी गेली तर ती हलायची नाय. तुझी वळनावर आली की चुलीवर आधन ठेवायची. आमी हसायचो तिला."

नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गरम पाणी रोज तयार असायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते कोणाच्या कानांमुळे तयार असतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर ते जिवंत माणसांच्या दारात जाऊन उभे राहू लागले. पहिली ओटी आमची. सुरुवातीला लोक भडकले. घरात म्हातारं आजारी असताना याने येऊन 'व्हता' म्हणायचं म्हणजे काय? एका घरी तर मुलगा काठी घेऊन धावला. पण आतून त्याचा बापच ओरडला, "मारू नको त्याला, मला माजं ऐकू दे." हे ऐकून मी थक्क झाले. पुढे पुढे म्हाताऱ्या मुद्दाम निरोप पाठवू लागल्या. नाना मात्र सांगावा आला म्हणून जात नसत. "आधी आठवाया तर पायजे," म्हणायचे. "उगा मनमिळाऊ बोलायला मी कशाला?"

माणूस या सगळ्याने खचेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. एकदा मी शहापूरला निघाले तर गाडीत खिडकीला नाना. काम काय, तर काही नाही.

"एवढी वर्सं या रस्त्यानं गेलो," ते म्हणाले, "पन उभ्यानं. मानसांकडं तोंड करून. भायेर काय हाय ते बघितलंच नाय. तो बघ, तो डोंगर. वळन घेतलं की त्याचं नाक दिसतं. कोनी सांगितलं न्हवतं मला." मग त्यांनी खिशातून मीठ लावलेले आवळे काढले आणि एकेक असा सावकाश खाल्ला, की मला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटलं. घाई करून जेवणारा माणूस तो. यमुनाकाकू त्यांना त्यावरून नेहमी टोकायची.

मग एका सकाळी त्यांनी आमच्या ओटीवर येऊन सांगितलं, की पोटात गाठ आहे आणि कल्याणच्या डॉक्टरांनी आता कापून उपयोग नाही म्हटलंय. पाऊस उशिरा येणार असं सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

"माजं कोनी बोलंल का?" त्यांनी विचारलं. जरा लाजूनच.

त्यांनी आणखी दोन-चार ठिकाणी विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. कोणाची जीभ रेटली नाही. स्वतःबद्दल ऐकायला सगळे तयार होते, पण मरायला टेकलेल्या माणसाला 'होता' म्हणायचं धाडस कोणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी मुलांना भाषणं लिहून देते, तरी मी आईकडे बघू लागले.

आई खांबाला धरून उठली. तिचे गुडघे गेलेले आहेत, ती अशी उगाच उठत नाही. तिने त्यांच्यासारखेच हात पोटाशी जोडले.

"बारकू व्हता," ती म्हणाली. "तो मनमिळाऊ नव्हता. भांडकुदळ व्हता. कोंबडीचंबी तिकीट काढायला लावायचा. पन लांबून एखादी म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन धावत येताना दिसली, की त्याचा हात दोरीवर तसाच राहायचा. डायवर शिव्या द्यायचा, पन हा डबल बेल मारायचा नाय."

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आनी?"

"बाकीचं उद्या. उद्या ये ऐकायला."

आणि ते आले. रोज यायचे. पुढे काठी टेकत, मग सुरेशच्या खांद्याला धरून. आई रोज एकच गोष्ट सांगायची आणि उद्याचं बोलावणं करायची. भात शिजत असला की नाना लांब श्वास घेऊन वास घ्यायचे. एकदा म्हणाले, "यमुनेनं एवढ्या लवकर जाऊन मला हे शिकवलं गो. माजं आयुष्य आता कुठं सुरू झालंय." मरणाच्या दारात उभं राहून कोणी असं बोलेल, हे मी स्वतः ऐकलं नसतं तर मला पटलं नसतं.

शेवटी एक दिवस ते आले नाहीत.

दहाव्याला आई नदीवर आली. भाषणं झाली, फलकावर होतं तेच सगळ्यांनी वाचलं. पिंड ठेवला आणि पुन्हा तेच झालं. कावळा शिवेना. सुरेश रडकुंडीला आला. याचं काय राहिलं होतं? सगळ्यांचं सगळं बोलून झालेल्या, स्वतःचं ऐकून झालेल्या माणसाची कुठली इच्छा उरली असणार? लोक एकमेकांकडे बघू लागले.

आई पुढे झाली आणि उंबराकडे तोंड करून म्हणाली, "काय राहिलं नाय याचं. याला जायचंच नाय. गोडी लागलीय. खिडकी सोडवंना त्याला."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले आणि सुरेश तोंडावर हात ठेवून रडायला लागला. दर्भाचा कावळा करून आम्ही निघालो.

आईच्या गुडघ्यांमुळे परत येताना आम्ही एसटी धरली, मी खिडकीला बसले होते. आईने मला उठवलं आणि स्वतः तिथे बसली. बराच वेळ ती नानांच्या त्या डोंगराकडे बघत होती. मग मान न वळवता म्हणाली, "माजं तू काय बोलनार हायस, ते घर येईपातूर सांग."

तोंडात पहिला शब्द आला तो तोच, फलकावरचा. तो मी गिळला. मग मला तिचे वाल आठवले. किडका दाणा ती कधी फेकत नाही, निवडून वेगळ्या वाटीत ठेवते आणि स्वतःच्या आमटीत घालते, आणि आम्हाला वाटत आलं की तिला तसेच आवडतात.

"आई," मी म्हणाले, "तू वाल निवडायचीस तेव्हा..."

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "गाडीत ऐकू येत नाय."